सांगण्याला गुण नाहीत

व्यापाऱ्याने आणून टाकलेल्या खोक्यांपैकी तिसऱ्याचे झाकण उघडताच परीक्षकाला कसर दिसली. तांदळाच्या दाण्याएवढा, चंदेरी, चपळ असा एक किडा मुखपृष्ठावरच्या नायकाच्या खांद्यावरून सरकला आणि पानांच्या कडेत शिरून दिसेनासा झाला. परीक्षकाने झाकण बंद केले, अख्खे खोके प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड चिकटपट्टीने बंद केले आणि मगच हात धुतले. खोलीतल्या दोन्ही कपाटांत लोकांनी विश्वासाने सोपवलेले अंक होते. त्यांत ही कीड शिरली असती, तर त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"उन्हात टाक ना," दारात उभी राहून ताई म्हणाली. "अंथरूण-पांघरुणाला आपण तेच करतो."

"उन्हाने शाई उडते."

"मग औषध मार."

"औषधाचे डाग पडतात. वास राहतो. वासाचेही गुण जातात."

"वासाचेसुद्धा?"

"सगळ्याचेच जातात."

ताई हसली. "बरं झालं भिंगोबा, मी कागदाची नाही. तू मला दहापैकी दीडच दिला असतास."

"दोन," तो म्हणाला. "कणा ताठ आहे."

जुन्या चित्रकथांच्या अंकांची अवस्था तपासून त्यांना दहापैकी गुण देणे हा त्याचा व्यवसाय होता. तांत्रिक विद्यालयात मुद्रण शिकून त्याने उमेदीची वर्षे छापखान्यात घालवली होती, आणि छापखाना बंद पडल्यावर तीच जाण पुढे उपयोगी पडली. कागद किती पिवळा पडला आहे, घडीवर किती रेघा मोडल्या आहेत, पिनांचा गंज कागदात उतरला आहे का, मधले जोडपान त्याच अंकाचे आहे की दुसऱ्या एखाद्या फाटक्या अंकातून आणून बसवले आहे, हे तो भिंगाखाली आणि जांभळ्या दिव्याखाली पाहून सांगत असे. अर्ध्या गुणाने अंकाचे मोल दुप्पट होई किंवा निम्म्यावर येई. म्हणून विकणारे नाना गोष्टी सांगत. आजोबांनी पेटीत जपून ठेवला होता, कोणी हात लावलेला नाही, एकदाच वाचला आहे. परीक्षक हे सारे शांतपणे ऐकून घेई आणि मग म्हणे, "सांगण्याला गुण नाहीत. कागद काय म्हणतो ते बघू." व्यापाऱ्यांत हे वाक्य त्याच्या नावाऐवजी चालत असे.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला आणि धाकटीला वाढवले. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि ही दोघे दोन खोल्यांच्या या घरात राहिली. तिशीतच ताईला मधुमेह जडला होता, आणि तोही असा की तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नसे. सकाळ-संध्याकाळ सुई टोचल्यावाचून तिचा दिवस पुरा होत नव्हता. तरीही गोडाची तिची आवड हा घरातला जुना विनोद होता. लहानपणी साखरेच्या डब्याशी ती कशी सापडली, लग्नघरातून पदराखाली काय काय आणले, हे धाकटी दर भेटीत नव्याने सांगे आणि ताई स्वतःच त्यात भर घाली.

कसरीवर निर्धोक असा एकच उपाय त्याला माहीत होता, आणि तो म्हणजे गोठवणे. अंक प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून, आतली हवा काढून, कडक थंडीत बरेच दिवस ठेवायचे. मग पिशवी न उघडता हळूहळू खोलीच्या उष्णतेवर आणायचे, म्हणजे कागदाला घाम फुटत नाही. घरात एका दाराचा जुना फ्रिज होता. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात थोडे अंक आडवे मावत, म्हणून त्याने खोक्याचे गठ्ठे पाडले आणि एकामागून एक गठ्ठा घालायचे ठरवले. कप्प्यात तापमापक ठेवला. नेहमीच्या खुणेवर थंडी पुरेशी पडत नव्हती, म्हणून बटण शेवटच्या खुणेपर्यंत फिरवले. आता तापमापकाचा पारा हवा तिथे उतरला. खालच्या फळ्यांवर तापमापक ठेवण्याचे त्याला कारण दिसले नाही. तिथे अंक नव्हते.

गठ्ठे काढता-घालताना दार वारंवार उघडावे लागे, आणि दारातल्या खणात ताईच्या इन्सुलिनच्या बाटल्यांची डबी हिंदकळत राही. काही महिन्यांचा साठा होता तो. परीक्षकाने डबी उचलून वरच्या फळीवर, कप्प्याच्या बरोबर खाली, मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. तिथे तिला धक्का लागणार नव्हता.

"माझ्या औषधाला बढती दिलीस वाटतं," ताई म्हणाली. वापरातली बाटली ती उशाशी कापडी पिशवीत ठेवत असे, त्यामुळे डबी कुठे आहे याने तिला रोज फरक पडत नव्हता.

एका सकाळी दुधाच्या भांड्यात बर्फाचे खडे निघाले.

"तुझ्या किड्यांबरोबर माझं दूधही गारठून मेलं बघ," ती म्हणाली. "चहात चमच्याऐवजी हातोडी घालू का?"

"थोडे दिवस चालवून घे, ताई. शेवटचा गठ्ठा राहिला आहे."

तिने दूध गॅसवर ठेवले आणि विषय तिथेच संपला. शेवटचा गठ्ठा निघाल्यावर त्याने बटण पूर्वीच्या खुणेवर आणले, बर्फाचा कप्पा पुसला आणि ताईला तसे सांगितलेही. कसरीचा मागमूस राहिला नव्हता. एकही पान सुरकुतले नव्हते, एकही रंग हलला नव्हता. तो स्वतःवर खूश होता.

त्यानंतर लवकरच ताईची उशाशी असलेली बाटली संपली आणि तिने डबीतली नवी बाटली काढली.

आधी तिला तहान लागू लागली. मग पाय जड झाल्याची तक्रार सुरू झाली. बोटाला सुई टोचून साखर मोजण्याचे यंत्र तिच्याकडे होते; त्याचे आकडे चढत चालले. ती दर वेळी आकडा त्याला मोठ्याने सांगे, कारण घरातली ती जुनी रीत होती.

"काही खाल्लं होतंस?" त्याने विचारले.

"तू खाल्लंस तेच."

"आणि मधे?"

"मधे तुझं डोकं," ती म्हणाली. "नाही रे बाबा, काही नाही."

त्याने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नाही. कारणाशिवाय कागद पिवळा पडत नाही, हे तो रोज पाहत होता. कारण शोधताना त्याला सगळ्यांत जवळचे जे दिसले, ते घरात सगळ्यांच्या तोंडी असलेलेच होते.

नेहमीच्या डॉक्टरांकडे तो तिला घेऊन गेला. बाहेर बाकांवर गर्दी होती. डॉक्टरांनी आकडे पाहिले, कपाळाला आठी घातली आणि विचारले, "पथ्य कसं चाललंय?"

ताईने तोंड उघडले, पण तो आधी बोलला. "गोड सुटत नाही तिचं. पहिल्यापासून आहे."

"अहो, नाही डॉक्टर—"

"सगळ्यांचं असंच असतं, ताई," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "लपवून काही उपयोग नाही. डोस थोडा वाढवू, पण जिभेला आवर तुम्हालाच घालायचा आहे." आणि त्यांनी कागदावर तसे लिहिले.

परत येताना ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत होती. घराच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "मला विचारलं होतं त्यांनी."

"तू खरं सांगितलं नसतंस."

"तुला काय माहीत मी काय सांगितलं असतं?"

त्याने दाराचे कुलूप काढले. वाढवलेला डोसही त्याच बाटलीतून जात होता, आणि आकडे काही उतरले नाहीत.

याच दिवसांत तो व्यापाऱ्याने आणलेल्या त्या खोक्यांतल्या सर्वांत मोलाच्या अंकापर्यंत पोहोचला. 'पाताळदूत' नावाच्या एका मालिकेचा तो पहिला अंक होता. जेमतेम काही प्रती शिल्लक राहिलेल्या, आणि त्याही बहुतेक विना-मुखपृष्ठ. ही प्रत भिंगाखाली जवळजवळ निर्दोष दिसत होती. जांभळ्या दिव्याखाली मात्र मुखपृष्ठाच्या घडीवर, काळ्या रंगात, एक पट्टा वेगळाच उजळला. कोणीतरी पांढऱ्या पडलेल्या रेघांवर बारीक कुंचल्याने शाई भरली होती. काम सफाईचे होते, साध्या डोळ्याला कळणारे नव्हते. बाजारात उघड फाटलेले पान चालते, लपवलेली दुरुस्ती चालत नाही. अंकाचे मोल एका झटक्यात खाली आले.

व्यापारी ते ऐकून खुर्चीत रुतला. घसा मोठा, पोट मोठे आणि हसणे त्याहून मोठे असा तो गृहस्थ होता, पण आज हसला नाही.

"अहो, हा संग्रह विकणारा मुलगा शपथ घेऊन सांगतोय. वडिलांनी अंक कुणाच्या हातात दिला नाही. मुलालासुद्धा नाही."

"सांगण्याला गुण नाहीत."

"ते ठाऊक आहे हो मला. पण माणसाचा चेहरा बघून तरी काही कळतं की नाही? मला तो खोटं बोलणारा वाटत नाही."

"वडिलांनीच केलं असेल. मुलाला ठाऊकही नसेल. मग तो खरंच बोलतोय आणि अंकही बिघडलेलाच आहे. मी कोणाला खोटं म्हटलेलं नाही. मला त्याचं बोलणं लागतच नाही."

"तुमच्याशी संसार करणारी बाई जन्माला यायची आहे," व्यापारी म्हणाला, आणि ताईकडे वळला. "ताई, तुम्ही कशा दिवस काढता याच्याबरोबर?"

"दोन गुणांवर," ताई म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. व्यापारी गोड चहा पीत असे, हे तिला माहीत होते.

परीक्षकाने त्या दिवसांत आणखी एक गोष्ट केली होती. साखरेच्या डब्यातली साखर पोलादी पट्टीने सपाट करून, डब्याच्या आतल्या बाजूला तिच्या पातळीशी पेन्सिलीची बारीक रेघ ओढली होती. व्यापारी गेल्यावर त्याने डबा उघडून पाहिला. साखर रेघेच्या खाली होती आणि मधोमध चमच्याचा खड्डा पडला होता.

"ताई, हे काय?"

ती भांडी पुसत होती. डब्यात वाकून तिने रेघ पाहिली. रेघ कशाची आहे हे समजायला तिला एक क्षण लागला.

"साखरेवर रेघ मारलीस?"

"साखर कमी झाली आहे."

"व्यापाऱ्याचा चहा तुझ्या देखत केला ना आत्ता? त्याला काय मीठ घालून देऊ?"

ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात आल्यावर तो थांबला असता तर बरे झाले असते. पण तो म्हणाला, "एका चहाने एवढी कमी होत नाही."

ताईने फडके खाली ठेवले. "मी तुझी शी-शू काढली आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुला ताप आला की तोंडाची चव तुझ्याआधी मला कळायची. आणि तू माझ्या पाठीमागे पट्टी घेऊन डबे मोजतोस."

"मग आकडे का चढतात ते तू सांग."

"मला नाही माहीत. मी खात नाही, एवढंच मला माहीत आहे."

त्या संध्याकाळी त्याने धाकटीला फोन केला. तिने ताईला बोलवायला सांगितले, आणि धाकटीचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीभर ऐकू आला. "काय गं ताई, आता या वयात तुला लहान पोरासारखं सांगायचं का? दादा एकटा किती बघेल? त्याच्या तरी जिवाचा विचार कर."

"मी काही खाल्लेलं नाही गं."

"तू डबा लपवायचीस तेव्हाही हेच म्हणायचीस," धाकटी म्हणाली, आणि थोडीशी हसली. तिला वाटले होते की ताईही हसेल.

दुसऱ्या दिवसापासून ताई त्याच्या समोर बसून जेवू लागली. ताटात उकडलेली भाजी आणि अर्धी भाकरी. तीही पुरती खाई ना. जेवण झाले की ती उठण्याआधी म्हणे, "बघून घे. तोंड उघडून दाखवू?" पहिल्यांदा तो ओशाळला. नंतर मात्र त्याने बघितले. साखरेचा डबा तिने स्वतःहून त्याच्या कामाच्या टेबलावर, जांभळ्या दिव्याशेजारी नेऊन ठेवला होता. आकडे आता ती मोठ्याने सांगत नव्हती. त्याने विचारले तर यंत्रच पुढे करी. पोटात मळमळते, असे एकदा म्हणाली. चेहरा ओढल्यासारखा झाला होता, गालफडे वर आली होती. उपाशी राहूनही साखर चढते आहे, हे त्याला दिसत होते. त्याचा अर्थ त्याने असा लावला की खाणे त्याच्या नजरेआड होत असावे.

एका सकाळी स्वयंपाकघरात पातेले पडल्याचा आवाज झाला. तो धावला. ताई ओट्याशी खाली बसली होती, पाठ कपाटाला टेकलेली. ती खोल, भरभर श्वास घेत होती. डोळे उघडे होते, पण त्याच्याकडे लागत नव्हते. त्याने तिला धरले तेव्हा तिच्या श्वासाला वास आला: पिकून उतरत चाललेल्या फळाचा, गोडसर वास.

आणि त्याही क्षणी त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिने कुठून तरी फळे आणली.

रुग्णवाहिकेतल्या माणसाला त्याने तेच सांगितले. इस्पितळात तरुण डॉक्टरीण तिला तपासत होती, तिलाही सांगितले. "फळ खाल्लंय तिनं. वास येतोय बघा."

डॉक्टरीणबाईने मान वर केली नाही. "हा फळाचा वास नाही. शरीराला साखर वापरताच येत नाही, तेव्हा ते चरबी जाळायला लागतं. त्याचा हा वास आहे. इन्सुलिन बंद केलं होतं का त्यांनी?"

"नाही. वेळच्या वेळी घेते. डोससुद्धा वाढवला होता."

"खात्री आहे?"

"माझ्या देखत घेते."

डॉक्टरीणबाई आता त्याच्याकडे वळली. "मग त्या बाटलीत काहीतरी बिघडलंय. कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये."

"दारात की आत?"

"आत," तो म्हणाला. "मागच्या भिंतीशी."

"गोठलं होतं का कधी? एकदा जरी गोठलं, तरी ते कामातून जातं. वितळल्यावर दिसायला कित्येकदा पहिल्यासारखंच दिसतं. स्वच्छ, पाण्यासारखं. बघून कळत नाही."

 दुधातले बर्फाचे खडे त्याला आठवले.

ताईला नळ्या लावल्या गेल्या. नव्या इन्सुलिनने आकडे उतरू लागले. हृदयावर फार ताण पडला आहे, अजून काही सांगता येत नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने डोळे उघडले आणि तो शेजारी बसलेला पाहिला. बोलायला तिला श्वास जमवावा लागत होता.

"त्या बाईंनी विचारलं मला," ती म्हणाली, "औषध कुठे ठेवता म्हणून."

"हो. मलाही विचारलं."

"औषधातच काही होतं म्हणतात." ती थांबली. "आता तरी पटलं का तुला?"

हो म्हणायला तो पुढे झुकला. पण त्याच्या सगळ्या आयुष्याची जी घडी होती, तिच्यात अंदाजाला शब्द देण्याची सोय नव्हती. फ्रिजच्या त्या फळीवर खरेच गोठण्याइतकी थंडी होती का? की दूध बर्फाच्या कप्प्याला लागूनच ठेवलेले होते? चढलेल्या आकड्यांना दुसरेही कारण असू शकत होते. एकदा तो ठामपणे बोलला होता आणि चुकला होता. आता पुन्हा न तपासता बोलायचे नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटले.

"तपासून सांगतो, ताई," तो म्हणाला. "उद्या पक्कं सांगतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चेहरा दुसरीकडे वळवला.

तो घरी आला. औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून तिचे बूच बसवले, ती जुन्या डबीत घातली, डबी मागच्या भिंतीला टेकवली, शेजारी तापमापक ठेवला आणि बटण शेवटच्या खुणेवर नेले. सकाळी उघडून पाहिले तेव्हा बाटलीतले पाणी पांढरे आणि टणक झाले होते. तापमापकही तेच सांगत होता. इथे तो इस्पितळात जायला निघू शकत होता. चपलाही त्याने घातल्या होत्या. पण कोणत्याही अंकाला तो दोन वेगवेगळ्या तपासण्यांशिवाय गुण देत नसे. पहिल्या तपासणीत डोळा फसतो, हे त्याने नवख्यांना कितीदा शिकवले होते. त्याने चपला काढल्या, बाटली वितळू दिली, पाण्याऐवजी डबीतल्याच औषधाची एक बाटली घेतली आणि ती त्याच जागी पुन्हा ठेवली.

ती दुसरी तपासणी चालू असताना इस्पितळातून फोन आला.

त्यानंतरच्या दिवसांत घरात माणसे येत-जात राहिली. धाकटी आपल्या यजमानांसह आली होती. शेजारच्या काकू चहाचे आधण ठेवत होत्या. व्यापारीही येऊन कोपऱ्यात बसला. त्याला काय करावे सुचत नव्हते, म्हणून तो हातातली टोपी पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

"शेवटपर्यंत जिभेपुढे हरली हो," धाकटी काकूंना सांगत होती. रडून तिचा आवाज बसला होता, आणि बोलण्यात मायाच होती. "लहानपणी साखरेचा डबा पळवायची. आम्ही किती सांगितलं. दादाने तर डब्याला रेघा मारल्या. पण नाही."

"गोडघाशी होत्या खऱ्या," काकू म्हणाल्या. "पण मन किती मोठं."

"तिनं काही खाल्लं नव्हतं," परीक्षक म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता आणि तासभरात पहिल्यांदाच बोलला होता.

"दादा, जाऊ दे," धाकटीचे यजमान हलक्या आवाजात म्हणाले. "आता काय त्याचं."

"ती खरं बोलत होती. कसर मारायला मी फ्रिज शेवटच्या खुणेवर नेला. तिचं औषध दारातून उचलून मागे ठेवलं, ते माझ्या हातानं. ते गोठलं. ती दिवसातून दोनदा पाणी टोचून घेत होती. मी तिला चोर ठरवली, डॉक्टरांना तसं सांगितलं, तुलाही तसंच सांगितलं."

"नको ना असं बोलूस," धाकटी म्हणाली. ती उठून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जवळचं माणूस गेलं की असंच वाटतं. आपलंच चुकलं असं वाटतं. तू तिचं किती केलंस ते आम्हाला माहीत नाही का?"

"वाटत नाही मला. तसं आहे."

"ताईला गोड आवडायचं, हे जगाला माहीत आहे, दादा."

"आवडायचं. खाल्लं नव्हतं."

व्यापाऱ्याने टोपी मांडीवर ठेवली. "आमच्या चहात साखर घालायच्या, पण चमचा कधी चाटताना पाहिलं नाही बुवा," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. मग आपण नको तिथे बोललो असे वाटून तो उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

धाकटीचा हात खांद्यावरच होता, पण आता तो सैल पडला होता. तिचा चेहरा बदलत गेला. फोनवर काय काय बोललो, ते ती आठवत होती, हे दिसत होते.

"म्हणजे मी तिला ते सगळं म्हटलं," ती म्हणाली, "तेव्हा ती..."

"हो."

"तुला कधी कळलं हे?"

"इस्पितळात नेलं त्या दिवशी अंदाज आला."

"त्या दिवशी." तिने हात काढून घेतला. "दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली होती ना? तू फोनवर म्हणालास, बोलली म्हणून. मग तू सांगितलंस तिला? की ताई, तुझं खरं होतं?"

आतल्या खोलीत चहा उतू गेला आणि काकू पदर सावरत धावल्या. परीक्षकाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"तिनं विचारलं होतं," तो म्हणाला. "मी तपासून सांगतो म्हटलं. मी खात्री करून घेत होतो."

धाकटी त्याच्याकडे बघत उभी राहिली. यजमानांनी तिचा दंड धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"मग?" ती म्हणाली. "झाली खात्री?"

"झाली."

ती ताईच्या खोलीत गेली आणि तिने दार आतून लावून घेतले. चहा झाला तेव्हा काकूंनी दोनदा कडी वाजवली. मग तिच्या वाटचा कप त्यांनी दाराबाहेर, जमिनीवर ठेवला आणि वरून बशी झाकली.